सतरा नंबरची मुळं

४ फेब्रुवारी
सतरा नंबर अजून हिरवा! चाऱ्याच्या प्रयोगातल्या बाकीच्या वाणांच्या लसूणघासाने खारं पाणी पिऊन मान टाकली. हा मात्र मुजोरासारखा उभा. विभागप्रमुख चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, नशीब काढलंत." मी नम्रपणे खाली पाहिलं. नम्रपणा कसला — हसू लपवत होते.

६ फेब्रुवारी
ताईला फोन केला. खाडीचं पाणी शिरल्यापासून तिच्या शेतात चारा उगवत नाही. गाई विकायच्या म्हणत होती, गिऱ्हाईकही ठरलं होतं. म्हटलं, "थांब. सतराचं बी पाठवते, खाऱ्यात येतं." गेल्या हंगामात वाढवलेल्या बियाण्याचं पोतं केंद्रात पडून होतंच.
"तू म्हणतेस ना? मग झालं," म्हणाली.
प्रमुखांना विचारलं नाही. मोठ्या मनाची बहीण झाले होते, विचारायला सवड कुठली!

१५ फेब्रुवारी
बी पोचलं. गिऱ्हाइकाला ताईने परत पाठवलं. भावोजी कुरकुरले म्हणे — "तुझी बहीण म्हणजे काय देव लागून गेली?"

१९ फेब्रुवारी
मुळं तपासायला सतराची एक कुंडी उचलायला गेले. उचलेना. ओढली तशी खाली काहीतरी तटकन तुटलं. कुंडीच्या भोकातून पेन्सिलीएवढी जाड मुळी थेट जमिनीत गेलेली. शेजारी गोड्या पाण्याचा हौद, तोही गळका. दुसरी कुंडी उचलली. तेच. सतराच्या सगळ्याच तशा.
इतर वाण सिमेंटच्या ओट्यावर आहेत. तिथे जागा उरली नाही म्हणून सतराच्या कुंड्या मीच खाली मातीवर मांडल्या होत्या. मी वरून मीठ पाजतेय आणि हे लबाड खालून गोडं पितायत. बियाण्यात काही नाही. त्या जागी कुठलाही लसूणघास असाच तरारला असता.
कुणी पाहिलं नाही. कुंड्या होत्या तिथे ठेवल्या, भोवती पायाने माती सारली. स्वतःची किळस येतेय.

२० फेब्रुवारी
बैठकीत सतराचं कौतुक. टाळ्या. मी उभी राहून सर्वांचे आभार मानले! लाज कोळून प्यायले म्हणतात ते हेच.

२२ फेब्रुवारी
आज ताईला सांगायचंच, असं ठरवून फोन लावला. ती बोलतच सुटली — नांगरणी झाली, उद्या पेरते, भावोजीही हसायला लागलेत.
"ऐक ना," म्हटलं.
"काय गं?"
"पातळ पेर."
एवढंच निघालं तोंडातून. पातळ पेर!

११ मार्च
ताईचा फोन. उचलला नाही.

१२ मार्च
पुन्हा आला. फोन उशीखाली सारला आणि कपडे घड्या करत बसले.

१६ मार्च
आता सहन होईना. प्रमुखांना हौदाकडे नेलं आणि त्यांच्यासमोर कुंडी उपटली. ते लोंबणाऱ्या मुळीकडे पाहत राहिले.
"कधी कळलं तुम्हाला?"
"बैठकीच्या आदल्या दिवशी."
रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं "बसा जरा" म्हणाले. बसायला तिथे काही नव्हतं. उभीच राहिले.

१७ मार्च
ताईला फोन केला. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. ती म्हणाली, "माझ्याकडे काडी उगवली नाही. तुझं नाव जायला नको म्हणून सगळ्यांना सांगितलं, बी चांगलंय, मीच फार खोल पेरलं. मग शेजारची चार घरं उरलेलं बी मागायला आली. त्यांचीही जनावरं उपाशी. देऊ का, हे विचारायलाच तुला फोन करत होते. तू उचलला नाहीस, मग देऊन टाकलं."