धाकट्याचा व्हिडिओ, नुसता आवाज

३ मार्च
आमच्या मुक्त सॉफ्टवेअर मंडळाने बनवलेल्या प्रणालीची नवी आवृत्ती संगणकावर चढवली. धाकट्या भावाचा व्हिडिओ उघडला, तर पडदा काळाकुट्ट — आवाज मात्र स्वच्छ! धाकटा जन्मापासून बहिरा, बोलतो हातांनी. म्हणजे त्याचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू आलं. खुर्ची करकरली. कुणीतरी शिंकलं.

४ मार्च
कारण मला चांगलं ठाऊक आहे. असल्या व्हिडिओतलं चित्र उलगडायच्या पद्धतीवर पेटंट आहे. मालकांना दर प्रतीमागे पैसे हवेत. आमचं सगळं फुकट, कुणीही कितीही प्रती काढाव्यात — मोजणार कोण? कोर्टाचं झेंगट नको म्हणून मंडळाने तो भागच काढून टाकला. ठरावाला पहिला हात माझा!
धाकट्याला मेसेज केला, लिहून पाठव. उत्तर आलं — 'लिहून सांगायची गोष्ट नाही, ताई. बघ आणि रविवारच्या आत कळव.'

५ मार्च
मंडळात विचारलं. एकाने कळवलं, पेटंटची मुदत चार वर्षांत संपेल, धीर धर.
नवरा म्हणाला, "माझ्या फोनवर बघ की." फोनच्या किमतीत पेटंटचे पैसे भरलेले असतात, म्हणून मी तत्त्व म्हणून नको म्हटलं. त्याने तत्त्वाला नावं ठेवली नाहीत, मला ठेवली.

६ मार्च
खटपट चालूच. व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होते. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकट्याने बायकोही बहिरीच केली, तेव्हापासून आईने त्याच्याशी बोलणं टाकलंय. हातातला टॉवेल तसाच घेऊन दारात आली.
"अगं, बाळ रडतंय!"
खरंच. करकरीच्या मागे, अगदी बारीक. धाकट्याला बाळ झालंय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आणि मी तीन दिवस खुर्ची ऐकत बसले होते!
"तरी सांगत होते. दोघंही बहिरे — पोर रडलं तर कळणार कुणाला?" मला रडू आलं. मग आई घड्या तशाच टाकून पिशवी भरायला लागली. म्हटलं, थांब, आधी चित्र तर दिसू दे. "मला आवाज पुरे," म्हणाली.

७ मार्च
आई पहाटेच्या गाडीने गेली. मी तत्त्व गुंडाळून नवऱ्याचा फोन घेतला. बाळ भावजयीच्या खांद्यावर आहे, तिचा तळवा त्याच्या पाठीवर. ते रडायला लागतं न लागतं तोच ती थोपटायला लागते. धाकट्याचे हात सांगतायत — 'आईला इतक्यात कळू देऊ नकोस. आम्हाला जमतं, हे तिला डोळ्यांनी दाखवायचंय. रविवारी तिघं येऊ का?'
आई एव्हाना त्याच्या दाराची कडी वाजवत उभी असेल.