स्टॉकमधली पांढरी पिकअप

२ मार्च

जुनी पिकअप आज चढावर मेली. मागे दुकानातून पोचवायला निघालेल्या उभ्या काचा, स्टिअरिंगवर मी, शेजारी धाकटा भाऊ. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मी उतरलो, बॉनेट उघडलं, सीटखालून जॅकचं दांडकं काढलं आणि रेडिएटरला समज दिली. समज जरा जोरात बसली. गरम पाणी उडून मनगट भाजलं. मग हेडलाइट फोडला. त्याचा काही दोष नव्हता, पण तो बघत होता.

धाकटा ओरडला, दादा, गाडी मागे येतेय, आधी चाकाला दगड लाव. लावणारच होतो. त्याने लावला.

दोन संकल्प. नवी कोरी पिकअप घ्यायची आणि रागावर ताबा ठेवायचा. दुसरा बायकोच्या समाधानासाठी. मला मुळात राग येत नाही. लोक आणतात.

३ मार्च, दुपार

शोरूमला दोघं गेलो. टाय लावलेला सेल्समन. म्हणाला, मागच्या आवारात एक पांढरी उभी आहे, कागद झाले की चार दिवसांत घेऊन जा. नाहीतर कंपनीकडे ऑर्डर टाका. रंग, बॉडीची लांबी, काचा टेकवायची तिरकी चौकट, सगळं तुमच्या मनासारखं, पण वेटिंग अडीच महिने.

धाकट्याने पांढरीच्या चाकापाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, हीच घेऊ. शाळेच्या नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या आमच्याकडे आल्यात, एवढं काम वडिलांच्या काळातही दुकानात आलं नव्हतं, आणि माल पुढच्या महिन्यापासून पोचवायचाय.

त्याला व्यवहार कळत नाही. स्टॉकमधली गाडी म्हणजे कुणीतरी नको म्हणून सोडलेली गाडी. तरी निःपक्षपातीपणे टायर तपासला. टायर तपासायची पद्धत म्हणजे लाथ. ती दरवाजाला लागली. पोचा आला. टायवाला म्हणाला, साहेब, हे काय? मी त्याला टायने जवळ ओढून समजावलं की इतका पातळ पत्रा विकताना लाज वाटली पाहिजे. त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. धाकट्याने माझी बोटं एकेक करून सोडवली.

ऑर्डर टाकली. गडद हिरवी, लांब बॉडी. टायवाल्याने घसा चोळत पावती दिली. जरब असली की कामं होतात.

९ मार्च

तोवर भाड्याचा टेम्पो. टेम्पोवाल्याने स्पीड ब्रेकरवर गाडी आपटली, मागे दोन काचा गेल्या. मी त्याला थांबवून एक थोबाडीत दिली. शैक्षणिक. त्याने परत दिली, आणि त्याचा हात टेम्पो चालवणाऱ्याचा निघाला. डावीकडची दाढ हलतेय. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझे केस धरले, असे आम्ही नाल्याच्या कठड्यापर्यंत गेलो. धाकटा मध्ये पडला. मार दोन्हीकडून त्यालाच जास्त बसला. मध्ये पडू नये असं मी त्याला लहानपणापासून सांगतोय.

संध्याकाळी स्टँडवर दुसरा टेम्पो ठरवायला गेलो. एकही यायला तयार नाही. युनियनबाजी.

१४ मार्च

टेम्पोवाल्याचा टेम्पो हिरवा आहे हे आज लक्षात आलं. शोरूमला फोन करून सांगितलं, हिरवी नको, निळी करा. टायवाला म्हणाला, करता येईल साहेब, पण. मला ‘पण’ ऐकायची सवय नाही. फोन भिंतीवर मारला. नवा फोन घ्यावा लागणार. निळा मिळाला तर बरं.

२२ मार्च

हातगाडीवरून काचा नेल्या. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. एक टोक माझं, एक धाकट्याचं, वडील गेल्यापासून हे असंच. हातगाडीवरही तेच. तो ओढतो, मी मागून काचा धरतो.

बाजाराच्या रस्त्याला मागून एक कारवाला हॉर्न वाजवायला लागला. दहापर्यंत मोजायचं असं ठरवलंय. सातला काचा सोडल्या आणि त्याचा साइड मिरर उपटला. तो उतरला तो व्हील पाना घेऊनच. पहिला घाव चुकवला. दुसरा चुकवायचा राहिला. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी मी त्याच्या पोटात डोकं घातलं, दोघं गटाराच्या झाकणावर पडलो, आणि मी त्याचा कान चावला. खारट होता.

एवढ्यात हातगाडी कलली. धाकट्याने ती सोडली नाही. घसरणारी काच पंजाने धरली. एकही फुटली नाही. त्याचा तळहात मात्र अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला.

दवाखान्यात आम्हाला शेजारी शेजारी बसवून शिवलं. माझ्या डोक्याला टाके जास्त होते. पण बायको आली ती सरळ त्याच्याकडे गेली, आणि त्याचा हात आपल्या ओढणीत धरून बसली. मला वाईट वाटलं. काच सोडायला नको होती. आठपर्यंत मोजायला हवं होतं.

३० मार्च

आठवडाभर कुणालाही हात लावला नाही. शटर मोजत नाही.

बायको म्हणाली, निदान आता तरी ती पांढरी घ्या, भावजींना एका हाताने हातगाडी ओढवत नाही. मी म्हटलं, ऑर्डरची गाडी वाटेत आहे, धीर धरायला शीक. ती म्हणाली, तेवढं एकच मी शिकलेय या घरात.

नव्या फोनवरून शोरूमला कळवलं, बॉडी अजून एक फूट लांब करा. चर्चा नको म्हणून लगेच कट केला.

६ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण इथे खोटं लिहायचं नाही असा नियम आहे.

शाळेच्या इंजिनिअरने सांगितलं, सोमवारपासून माल पोचला नाही तर काम दुसऱ्याला. धाकटा दुकानात आला आणि म्हणाला, दादा, मी शोरूमला जाऊन आलो. पांढरी अजून उभी आहे. तू दरवाजाला पोचा पाडल्यामुळे कुणी घेत नाही, म्हणून स्वस्तात देतायत. मी माझ्या नावावर घेतोय.

माझ्या नावावर. वडिलांच्या दुकानात उभं राहून.

मी हात हवेत नेला होता, मुद्दा मांडायला. त्याने नाक मध्ये आणलं. आवाज झाला. पातळ काच टेबलाच्या कडेवर मोडताना होतो तसा, ओळखीचा. तो खाली बसला. मी त्याला उठवायला शर्टाला धरलं, आणि उठवता उठवता आणखी दोन बसल्या. तिसरी मी आवरली. हे नोंदवून ठेवतो, कारण कुणी सांगणार नाही.

त्याने हात उचलला नाही. तोच तो टाके घातलेला हात. तोंडावर धरून बसला आणि बोटांतून रक्त खाली.

तेव्हा बायको मागच्या खोलीतून आली. टेबलावरची हातोडी घेतली आणि दुकानाचा दर्शनी आरसा फोडला. वडिलांनी बसवलेला, पूर्ण उंचीचा. मग दोन्ही शोकेस. मग मापाने कापून ठेवलेल्या काचा, एकेक, अजिबात घाई न करता. मी म्हटलं, अगं वेड लागलं का? ती म्हणाली, तुम्हाला ही एकच भाषा येते ना, म्हणून म्हटलं त्यात बोलून बघू.

मग तिने झाडू घेऊन सगळं एका कोपऱ्यात लोटलं, भावजींना रिक्षात घातलं आणि गेली.

११ एप्रिल

बायको माहेरी. धाकट्याने पलीकडच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली. पांढरीही घेतली. शाळेचं कामही त्याच्याकडे गेलं.

चार दिवसांत परत येतील. ऑर्डरची गाडी दारात लागली की कळेल कोण शहाणं. शोरूमला कळवलं, निळी नको, काळी करा. काळ्याला वजन असतं.

१८ एप्रिल

पांढरी समोरून गेली. पोच्यासकट. मी दगड मारला. लागला नाही. दुसरा मारला. लागला. केबिनची मागची काच खळकन खाली.

गाडी थांबली. धाकटा उतरला. नाकावर पट्टी. मला वाटलं, आता येईल. आला असता तर बरं झालं असतं, मी मनगटं मोकळी करून उभा होतो. त्याने आधी रस्त्यातले तुकडे वेचले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मग खिशातून टेप काढला, चौकटीचं माप घेतलं, तळहातावर लिहिलं आणि गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भित्रा.

घरी येऊन बेसिनवरच्या आरशाला डोकं मारलं. तो जुना होताच.

५ मे

गिऱ्हाईक नाही असं नाही. एकजण आला होता, जेवणाच्या टेबलाला जाड काच हवी म्हणून. म्हटलं, एकट्याने उचलतो. दोन्ही बाजूंना रबरी कप चिकटवले, गुडघ्यावर तोलली, उभा राहिलो. जमलं. तीन पावलं गेलो. मग सवयीने म्हटलं, धर.

काच मांडीत गेली. मी तिला लाथ मारली. मग दुसऱ्या पायातही गेली. जमिनीवर पडल्या पडल्या हातात जे येईल ते फेकत होतो. गिऱ्हाईक शटरबाहेर उभं राहून विचारत होतं, ॲम्ब्युलन्स बोलवू का? त्यालाही मापाची पट्टी फेकून मारली. लागली. ॲम्ब्युलन्स त्यानेच बोलावली.

दवाखान्यात फॉर्म भरणारी नर्स म्हणाली, जवळच्या माणसाचा नंबर द्या. मी शोरूमचा दिला.

२० मे, सकाळ

अडीच महिने झाले. डिलिव्हरी आजच. नवीन शर्ट घातलाय. लंगडतोय, पण गाडीत बसल्यावर कुणाला दिसतंय? परत येताना शेडवरून हळू गाडी काढणार. हॉर्न वाजवणार नाही. फक्त हळू.

२० मे, दुपार

दवाखान्यातल्या खाटेवर डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाईट आहे.

शोरूममध्ये काउंटरसमोर नवीन काच लावलीय, बँकेसारखी, खाली पैसे सरकवायला फट. टायवाला तिच्यामागे. आज टाय नाही, शर्टाची वरची गुंडीही उघडी. म्हणाला, साहेब, तुमच्या गाडीचा नंबर अजून लागायचाय. ऑर्डरमध्ये बदल केला की ती रांगेत शेवटी जाते. हिरव्याची निळी केलीत तेव्हा शेवटी गेली, बॉडी वाढवलीत तेव्हा शेवटी गेली, काळी केलीत तेव्हा परत. दर वेळी तेच सांगत होतो, तुम्ही फोन ठेवायचात. आता पुढच्या वर्षी मिळेल.

मी विचारलं, मग स्टॉकमध्ये काय आहे? म्हणाला, काही नाही. एक पांढरी होती.

मग मी मारलं. सगळं अंग घालून. शाळेचं काम, आरसा, बायको, मांडीतली काच, सगळं त्या एका ठोशात होतं. फुटायलाच हवी होती. अशा काचा मी आयुष्यभर फोडत आलोय. फुटली नाही. थरथरलीसुद्धा नाही. माझ्या हाताची हाडं मात्र आतल्या आत गेली, तो आवाज सगळ्या शोरूमने ऐकला.

मी खाली बसलो. टायवाला काचेमागून म्हणाला, टफन आहे साहेब, बारा एमएमची. तुमच्या भावाने बसवली. आम्ही म्हटलं होतं, साधी चालेल. ते म्हणाले, नाही, माझ्या दादाच्या हिशोबाने लावू या.

काम चांगलं केलंय. कड कुठेही उघडी नाही, रबर सरळ बसलंय. जमिनीवर बसून मी तेच बघत होतो.

२१ मे

टायवाल्याने त्याला कळवलं असणार. दवाखान्याच्या दारात पांढरी उभी होती. धाकट्याने दार उघडून धरलं. हात प्लास्टरमध्ये, पाय पट्टीत, मी चढायला वेळ लावला. त्याने बगलेत हात घालून वर घेतलं. त्याचं नाक एका बाजूला गेलंय. नीट नाही होणार ते.

मी म्हटलं, प्लास्टर निघालं की मी येतो शेडवर, मोठ्या काचांना दुसरं टोक लागतंच. तो म्हणाला, माणूस ठेवलाय. मी म्हटलं, नवखा असेल. म्हणाला, हो, नवखा आहे, पण काच धरून ठेवतो.

मी म्हटलं, हो, तेच महत्त्वाचं.

बायको कशी आहे विचारलं. म्हणाला, वहिनी बऱ्या आहेत. घर आलं. मी उतरलो आणि दार हळू लावलं, एवढं हळू मी कुठलंच दार कधी लावलं नव्हतं. ते नीट लागलंच नाही. परत उघडून लावणार होतो, तेवढ्यात त्याने आतून हात लांब करून ओढून घेतलं आणि गेला.