घरचं उदाहरण

प्रिय रॉयडन,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. मी बोलायला लागले की तू आवाज मऊ करतोस आणि मध्येच "मी समजू शकतो" म्हणतोस. कुठल्या तरी शिबिरात तुला ते शिकवलंय. कागदाला मान डोलवता येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

कसालच्या कार्यक्रमाचं पोस्टर मिळालं. तुझा फोटो लहान, माझा मोठा. वर 'मनाच्या आजारावर मोकळेपणाने बोलू या' आणि खाली मी, मम्मीच्या वाढदिवसाला केक भरवताना. या वेळी स्टेजवर येऊन दोन शब्द बोल, लोकांना धीर येईल, असं तू लिहिलंयस. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी मी धीर दिलाच की लोकांना, तोही मला न विचारता. त्याचं पुढे काय झालं ते विचारायला तुला सवड झाली नाही, म्हणून आपणच सांगते.

मिस्साची प्रार्थना आटोपून चर्चच्या हॉलमध्ये सगळे वडे खात बसले होते. तू माइक घेतलास. मला वाटलं, नेहमीसारखं झोप, ताण, दारू यांवर बोलशील. आणि पडद्यावर माझा चेहरा आला! माझी स्वतःची बहीण इतकी वर्षं गोळ्या घेते, बघा कशी छान आहे, आता तिचं लग्नही ठरलंय, असं म्हणालास. एवढ्यावर थांबला असतास तरी मी गिळलं असतं. पण तू त्या पहाटेची गोष्ट सांगितलीस. मी मध्येच गोळ्या सोडल्या होत्या, नाइटीवर किनाऱ्यावर गेले होते, गळ्याएवढ्या पाण्यात होते आणि रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांनी मला बाहेर काढलं होतं. "त्या दिवशी रापणीला माझी बहीण लागली," असं म्हणालास. लोक हसले, तूही हसलास, मग डोळे पुसलेस. टाळ्या जोरात पडल्या. पुढच्या रांगेत ॲरोनची आई, माझी होणारी सासू पिएदाद आंटी, वड्याचा घास हातात धरून बसली होती.

चर्चमध्ये आमच्या लग्नाची नावं तीनपैकी दोन रविवार वाचून झाली होती. तिसऱ्या रविवारी वाचली नाहीत. पिएदाद आंटी घरी आली, खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "माका आदी कित्याक सांगूक नाय गो?" एवढंच म्हणाली आणि लग्नाआधीच्या रोसाच्या विधीसाठी मी शिवायला घेतलेला तिचा ब्लाउज अर्धवट तसाच घेऊन गेली. मी ॲरोनला फसवलं असं तुला वाटत असेल, तर ते खोटं आहे. त्याला मी ओळखीच्या पहिल्याच महिन्यात विजयदुर्गाच्या तटावर बसून सगळं सांगितलं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं की गोळ्यांबरोबर मला काय काय खायला चालत नाही. त्या दिवशी मी सुखात घरी आले होते रे. फेस्तानंतर तोच ॲरोन फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, "माका म्हायत होता. पण आता सगळ्यांका म्हायत आसा." त्याच्यावर मी रागावू शकले नाही. खरंच बोलला तो. सगळा राग तुझ्या वाट्याला ठेवलाय.

बाकी गाव फार चांगला वागतो. मासेवाली काशीबाई माझ्याशी भावच करत नाही. पूर्वी दोन बांगड्यांसाठी आम्ही अर्धी गल्ली गोळा करायचो, आता ती उधारीवर मासे देऊन टोपली झाकता झाकता म्हणते, "व्हर गो बाय, पैसे मागीर दी." ज्या बाईने मला जन्मभर शिव्या घातल्या तिने माझी कीव करावी, याहून मोठी शिक्षा कोणती? दिव्या माप द्यायला आली की तिची नजर माझ्या कात्रीवर असते. मी मुद्दाम कात्री हातात घेऊन बोलते. तेवढीच माझी करमणूक.

महादूची बायको मात्र तुझ्या भाषणानंतर डॉक्टरकडे गेली. रात्रभर उठून बसायची, आता झोपते. हेही लिहिते, नाहीतर म्हणशील स्टेलाला चांगलं दिसतच नाही. ती बरी झाली याचा मला आनंद आहे. तिच्या बऱ्या होण्यात माझं लग्न गेलं, याचं वाईटही वाटतं. दोन्ही मला एकाच वेळी वाटतं. पण स्वतःच्या अंगाला ओरखडा न लागता दुसऱ्याची कातडी पुढे करणाऱ्याला काय म्हणतात, ते मी लिहीत नाही. हे पत्र कदाचित तुझी सेलिनाही वाचेल.

पण हे तिच्या हाती लागू देऊ नकोस, कारण आता जे लिहिते तेवढ्यासाठीच पत्र घातलंय. तुझ्या बायकोने तुझी स्टेजवर घालायची काळी पँट माझ्याकडे पाठवली, खालची शिलाई उसवली म्हणून. शिवणारं माणूस आधी खिसे तपासतं. आत गोळ्यांची पट्टी होती. औषधाचं नाव तू नीट कापून काढलंयस, पण त्या गोळीला मी अंधारातही ओळखीन. माझीच आहे ती. दर महिन्याला तुझी कोल्हापूरला मीटिंग असायची, ती कसली तेही आता कळलं. सेलिनाला माहीत नाही, हे तिच्या फोनवरच्या बोलण्यावरून समजलं. पट्टीची मुदत कधीच संपलीय आणि अर्ध्या गोळ्या तशाच आहेत. मी हादरले, रॉयडन. खूप रागावले आणि खूप घाबरले. मी कोणाला सांगणार नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं असतं. पोस्टरवरून माझा फोटो काढ. भाषणाला घरचं उदाहरण लागतच असेल, तर घरात आणखी एक आहे. पँट शिवून ठेवलीय, पट्टी खिशात परत घातलीय. जुनी फेकून दे आणि उद्याच्या उद्या घाट चढून डॉक्टरकडे जा. गोळ्या मध्येच सोडल्या की माणूस काय करतं, ते तू स्टेजवरून फार छान सांगतोस.

तुझीच बहीण, अजून तरी,
स्टेला