ससाणा सुटला

बिश्केक, ३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टॅक्सीवाल्याबरोबर एक पुस्तक पाठवतोय. आपण दोघं इतकी वर्षं जो व्हिडिओ गेम खेळलो, त्यावर कुणीतरी कादंबरी लिहिली आहे. आधी तू वाच. पण पत्रात त्याबद्दल अक्षरही काढू नकोस, माझी मजा जाईल. खेळातला आपला म्हातारा वाटाड्या त्यात असेलच. चालतो अगदी आपल्या वडिलांसारखा.

आईचा खोकला कसा आहे? माझ्याशी ती अजून बोलत नाही. वडील गेले तेव्हा मी रशियात अडकलो, रिवाजाप्रमाणे दारात येऊन मोठ्यानं रडलो नाही, हे ती विसरायची नाही. वहिनींना सलाम.

तुझा,
नुरदोलोत

अत-बाशी, ११ ऑक्टोबर

चि. नुरदोलोत यास,
अनेक आशीर्वाद.

मन घट्ट कर, बाळा. आपल्या हातावरचा ससाणा दोरी तोडून उडाला, ढगाआड गेला. अल्लाच्या मर्जीपुढे आपण कोण? मला घास गिळवत नाही. फोनवर सांगवेना. जास्त लिहीत नाही.

तुझा,
असंगाझी

अत-बाशी, १६ ऑक्टोबर

चि. सौ. बातमा हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: आई धडधाकट आहे. तुला कुणाकडून काहीबाही कळलं असेल.

तुझ्या धाकट्या भावानं पाठवलेल्या कादंबरीत आमचा वाटाड्या मधेच मारला जातो. खेळात तो कधीच मरत नाही गं. कितीही उशिरा जा, नदीकाठी थांबलेला असतो. मी हादरलो. पुस्तकाचं नाव काढायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून आपल्यात मृत्यू कळवतात तसं आडून लिहिलं. त्याला वाटलं, आई गेली. फोन करून विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

काल तो फाटकातूनच ओणवा होऊन, छाती फोडून रडत आला. शेजारी धावले, तेही रडू लागले. आणि आई पिठाच्या हातांनी दारात. तिनं त्याला थांबवलं नाही, सगळं रडणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे तुझ्या वडिलांना पोचलं. आता हात धू, आत ये.”

नंतर माझ्याकडे वळून विचारलं, मग गेलं कोण? शेजाऱ्यांसमोर खेळातल्या माणसाचं नाव सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या.

संध्याकाळी मृतांना वास पोचावा म्हणून आईनं कणकेचे बोरसोक तळले. पहिला घाणा वडिलांच्या नावानं. दुसरा वाटाड्याच्या, त्या बिचाऱ्यासाठी कोण तळणार, म्हणाली.

लोभ असू दे, आणि माझ्या पत्राचा यापुढे सरळच अर्थ घे.

तुझा दादा,
असंगाझी