अण्णांनी तटावर कोरलेलं नाव

रविवार, जानेवारी. बेलापूर.

विजयदुर्गहून दुपारी घरी पोहोचलो, पण राग उतरत नाही. थोरले दीर, आमचे अण्णा, यांनी काल तिथल्या तटावर गाडीच्या किल्लीनं स्वतःचं नाव कोरलं. किल्लीनं! मी शाळेत इतिहास शिकवते आणि माझ्याच घरचा माणूस...

अडवलं तर हसत म्हणाले, "एवढे तोफगोळे झेलले हायत या भिंतीनं. माझ्या किल्लीनं काय हुतंय?"

"तोफगोळे शत्रूचे होते, अण्णा. तुम्ही कोण?" मी विचारलं आणि सरळ रखवालदाराला बोलावून आणलं. त्यानं सगळ्यांसमोर त्यांच्याकडून माफीनामा लिहून घेतला.

मघाशी हे म्हणाले, "थोरल्या भावाची लाज काढलीस. जा, पाया पड."

का पडू? भिंत मी खरवडली? दोन-अडीच इंचांची अक्षरं, तीही आडनावासकट! माझं चुकलं का? नाही. मुळीच नाही.

स्वयंपाकघरात गेले तर जाऊबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता हळूच म्हणाल्या, "बरं केलंस बाई. त्यांना 'तुम्ही कोण' इचारायचं मला इतक्या वर्षांत न्हाई जमलं."