मुठीतली चावी

कोलोन, जर्मनी
८ जून १९९९

प्रिय सरूस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. माझं अक्षर बघितल्याबरोबर फाडू नकोस गो, पाकिटावरचं तिकीट जर्मनीचं आहे, ते आधी तुझ्या शांतीच्या पोराला काढून दे. जगनकडे येऊन मला तीन आठवडे झाले. पोरगा मजेत आहे, सूनबाई स्वभावाने चांगली आहे. तिकडे वरसे गावी तुम्ही सगळी बरी असाल.

बाकी या देशानं माझं डोकं फिरवलंय. रस्ते बघशील तर त्यावर पान मांडून जेवावं असे. आणि बाईमाणसानं जायची सोय विचारली तर बोंब! जिथं आहे तिथं दाराला लोखंडी दांडा, नाणं टाकलं तरच फिरणार. आत पाण्याचा टिपूस नाय, नुसता कागद. मी बाटली भरून नेते तर सूनबाई म्हणते, आई, लोक बघतात. बघू देत मेले. कागदानं भागवतात त्यांना कोणी बघत नाय.

शेवटी मी पाणीच सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाय. जगन विचारतो, आई, तुझं तोंड का उतरलंय? पोराला काय सांगणार, कप्पाळ?

परवा फिरायला निघालो होतो. स्टेशनवर ती दोघं तिकिटाच्या रांगेत, मी बाकावर. आणि कळ आली. इथं जूनमध्येही गारठा, धरवत नाय गो. त्या दांड्यापाशी गेले तर माझ्याकडे नुसती नोट. समोर चहाचं हॉटेल होतं, गल्ल्यावर माझ्याच वयाची बाई. खुणा करून विचारलं. तिला कळलं, सरू. बाईला कळत नाय असं होतं का? तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं आणि मागच्या माणसाचे पैसे घेतले. मला ती वाचता येत नव्हती, तरी कळली. तसलीच पाटी वडखळला आमच्या हॉटेलात मी माझ्या हातानं लावलेली आहे. फक्त गिऱ्हाइकांसाठी.

परत बाकापर्यंत पोचले नाय मी. साडी भिजली. एकसष्टाव्या वर्षी, भर स्टेशनात. जगनला सांगितलं, बाटली सांडली. खरं काय ते ह्यांनाही सांगितलेलं नाय. तुला सांगते, कारण तुलाच सांगायला हवं.

पाच वर्षांपूर्वी मुंबईला ऑपरेशन करून तू रोह्याच्या एस.टी.नं परत येत होतीस. गाडी आमच्या हॉटेलवर दहा मिनिटं थांबली. तू गल्ल्यापाशी येऊन संडासाची चावी मागितलीस आणि मी मान वर न करता पाटी दाखवली. पोटावरचे टाके सांभाळत तू रस्त्यापलीकडे झुडपांमागे गेलीस. मग आख्ख्या भावकीत मी सांगत सुटले, गर्दी होती, तिच्या डोक्यावर पदर होता, मला ओळखू आली नाय. तुझ्या मालकांसमोर गणपतीची शपथ घेतली.

खोटी. तू पायरी चढलीस तेव्हाच मी तुला ओळखलं होतं.

शांतीच्या लग्नात मानाची साडी तू आधी तुझ्या जावेला दिलीस, तो राग डोक्यात होता. तरी चावी खिळ्यावरून काढून हातात धरली होती मी. म्हटलं, एकदा ताई म्हणू दे, लगेच देते. तू म्हणालीस, “बाई, चावी देता का?” माझी पाठची बहीण मला बाई म्हणाली. मी चावी मुठीत दाबली.

त्या जर्मन बाईला मी दोन दिवस शिव्या घालते आहे. पण तिला निदान मी परकी होते.

काल ह्यांना फोन करून सांगितलं, ती पाटी काढा आणि त्या दाराचं कुलूप खाडीत फेका. का, म्हणून विचारत होते. आल्यावर सांगीन. भावकीतही मीच सांगीन.

वीस तारखेला येते. मुंबईहून रोह्याची गाडी धरून सरळ तुझ्याकडे येईन, वडखळला उतरणार नाय. दार उघडलंस तर आधी मला संडासाला जाऊ दे, मग काय बोलायचं ते बोल. बाई म्हणालीस तरी चालेल. नाय उघडलंस तर पायरीवर बसून राहीन, धरवेल तोवर.

तुला ओळखून न ओळखणारी,
तुझी ताई,
चंद्रावती