उडी मारायची खोड

परांडा,
८ जानेवारी

प्रिय मल्हार,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस, शाळेत पत्राची सुरुवात अशीच शिकवलीय, आणि तुझ्या सीमेवरच्या चौकीवर फोन लागत नाही म्हणून शाळा संपल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहायला बसतेय. इकडं सगळं ठीक. हरभरा झकास आलाय, थंडी लई आहे. तुझी लाडकी म्हैस चंद्री दूध भरपूर देते आणि मला रोज सकाळी शिंग दाखवते.

आता खरी बातमी. मी जिंकले! अरे, तुझ्या त्या मारामारीच्या गेममध्ये, ऑनलाइन, खऱ्याखुऱ्या माणसाशी! कुठला कोण होता देव जाणे, पण लोळवला त्याला.

जाताना काय खवचट हसला होतास! म्हणे, "मी सुट्टीवर येईपर्यंत शीक, आणि माझ्याकडून एक राऊंड घेऊन दाखव." ये तर खरं आता.

सुरुवातीला मी काय करायचे माहितीय? खलबत्त्यात मिरच्या कुटल्यासारखी सगळी बटणं एकदम बडवायची. माझी लाल ओढणीवाली नुसती हवेत हातपाय झाडायची, आणि समोरचा निवांत येऊन तिला आपटायचा. एवढ्यांदा हरले की लाजही वाटेनाशी झाली. मग ठरवलं, आधी फक्त मार अडवायला शिकायचं. मागचं बटण धरायचं आणि गप राहायचं. तो मारून मारून चुकला की मग आपली एक लाथ. तेवढी एकच लाथ मी रोज दुपारी लाईट असेपर्यंत घोटते. परवा तर माझ्या बोटांनी माझ्याआधीच ओळखलं की आता मारायचं. काय सांगू तुला, अंगावर काटा आला!

एकच रड आहे. ताकदीची पट्टी थोडीशी उरली की माझं काहीतरी बिघडतं आणि तोंडाशी आलेला घास जातो. काय चुकतं तेच कळत नाही.

तू विचारलंयस, आई बोलतात का. आईंची तब्येत छान आहे. गुडघाही दुखत नाही. काल चंद्रीला म्हणत होत्या, "चंद्रे, आज कालवणात मीठ लई पडलंय बरं का." मी गोठ्याच्या दारातच होते. संध्याकाळी मीठ बेतानं टाकलं.

कानटोपी घालत जा.

तुझी,
शिवकन्या


परांडा,
२ फेब्रुवारी

मल्हार,

नमस्कार-चमत्कार मागून, आधी ऐक. आई बोलल्या! माझ्याशी! थेट!

मागच्या पत्रात मी टाळलं होतं. तुला वाटलं होतं, तू गेलास आणि घरात दोघीच उरलो की त्या आपोआप बोलतील. कुठलं काय! आपण न सांगता सोलापुरात कोर्टात लग्न करून दारात उभे राहिलो, तेव्हा धरलेला अबोला तसाच होता. आधी तुझ्यामार्फत चालायचं, नंतर चंद्रीमार्फत. दळण आणायचं असलं तरी चंद्रीला सांगायच्या आणि मी दारात उभी राहून ऐकायची. मीही कमी नव्हते. न मागता चहा पुढं कर, न सांगता त्यांची लुगडी धू, त्यांच्या मागं मागं फिर. तेवढ्या त्या आणखी तोंड फिरवायच्या. तुला तिकडं बर्फात हे कशाला कळवायचं म्हणून लिहिलं नाही. पण रडले रे खूप.

तर परवा दुपारी मी खेळत होते आणि मागं आई शेंगा फोडत बसलेल्या. समोर टकला राक्षस. माझी पट्टी बोटभर, त्याचीही तेवढीच. आणि मागून आरोळी आली, "अगं उडू नगं! बस खाली, बस!"

मी बसवलं माझ्या बाईला. त्याची लाथ डोक्यावरून गेली आणि मी खालून दिली एक. टकला आडवा! वळून बघितलं, तर खोलीत आई, मी आणि शेंगांचं टोपलं. म्हैस नव्हती.

त्याही चपापल्या. मग खाली मान घालून शेंग फोडत म्हणाल्या, "भ्यालीस की उडी मारतीस तू. रोज बघतेय म्या. त्या मुडद्याला बी कळलंय, खाली वाट बघत उभा ऱ्हातो."

अरे, हीच ती खोड! मी म्हटलं, "आई, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं इचारलंस?" म्हणाल्या. आणि पुढची शेंग उचलत, "लगीन बी तसंच केलंस. दोघं भ्यालात आन मारली उडी. एकदा इचारायचं तरी. म्या काय वाघ हाय का?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "चुकलं आई."

"बरं बरं," म्हणाल्या, "डोळं पूस. त्यो दुसरा आला बघ."

आता रोज दुपारी आमची बैठक असते. जिंकले की "हां!" हरले की "डोळं फुटलं व्हय तुझं?" इतकी बोलणी मी माहेरीही खाल्ली नव्हती, आणि इतकी खूश आहे म्हणून सांगू! उडी जवळजवळ सुटलीय.

बार्शीत एका गेमिंग कॅफेत स्पर्धा आहे. या वेळी शहाण्यासारखं आधी विचारलं. "आई, जाऊ का?" त्या म्हणाल्या, "एकटी कशी जाशील? म्या येते की." ऐकतोयस ना? त्या येणार आहेत!

तुझी,
शिवकन्या


परांडा,
१७ फेब्रुवारी

प्रिय मल्हार,

हरले. पण कशी हरले ते ऐकलंस तर चौकीवर लोळून हसशील.

अर्ध्या तिकिटात दोघी एसटीनं गेलो. आई इरकली लुगड्यात, पदराला शेंगदाण्याचे लाडू बांधलेले. आत सगळी कॉलेजची पोरं. एकानं विचारलं, "मावशी, ही तुमची कोण?" मी कान टवकारले. आई म्हणाल्या, "परांड्याची हाय." एवढंच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या तिरिमिरीत पहिल्याच मॅचला उड्या मारल्या आणि हरले. पण दोनदा हरेपर्यंत बाहेर काढत नाहीत. दुसऱ्या मॅचला आई थेट माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला. मल्हार, मी एकदाही उडाले नाही! अडवलं, वाट बघितली, आणि तीच एक लाथ. जिंकले! पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि आईंनी हरलेल्या पोराच्या हातावर लाडू ठेवला.

तिसऱ्या मॅचला मात्र त्यांना राहवेना. "बस खाली! बस!" सगळं कॅफे दणाणलं. समोरच्या पोरालाही कान आहेत की! मी बसले की तो बसलेल्याच्या टाळक्यात वरून घालायचा. झालं, आमचा गाशा गुंडाळला.

परतताना आई अर्ध्या वाटेवरच्या वारदवाडीपर्यंत गप्प. मला धडकीच भरली, परत अबोला की काय. मग म्हणाल्या, "म्या वरडले म्हणून हरलीस."

"नाही हो आई."

"खोटं बोलू नगं." आणि हळूच कानाशी आल्या, "पुढच्या बारीला म्या नुसतं 'चंद्रे' म्हणीन. तू बसायचं. त्या पोरास्नी काय कळतंय?"

इतकी हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून.

आत्ता त्या शेजारीच बसल्यात. म्हणतायत, "लिही त्याला. सुट्टीवर येशील तवा आधी माझ्या सुनेकडनं एक राऊंड घे म्हणावं, मग ताट वाढीन."

नीट ऐकू आलं नाही असं दाखवून मी परत विचारलं, कुणाकडनं? त्या परत म्हणाल्या, मोठ्यानं, गोठ्यातल्या चंद्रीलाही ऐकू जाईल असं.

तेव्हा सांभाळून ये.

तुझ्या आईची सून,
शिवकन्या